दाब, धर, सोड

"दाब!"

"दाबलं."

"धर!"

"धरलंय रे बाबा, धरलंय."

गाडीखाली उताण्या पडलेल्या मेखराजने पाना पाव फेरा फिरवला. हवा सोडायच्या निपलला लावलेल्या नळीतून तेल सरकलं, त्याच्यामागून तांदळाच्या दाण्याएवढे तीन बुडबुडे आले आणि खालच्या बाटलीत फुटले. त्याने पाना पुन्हा आवळला.

"सोड!"

वर पेडल सुटल्याचा आवाज झाला. मेखराज तसाच पडून राहिला. सोड म्हटल्यावर सुटलं, की म्हणायच्या जरा आधीच सुटलं होतं?

"झोपलास काय, माइला?" वरून फिंजो शेर्पाने विचारलं. मेखराज घरातला दुसरा मुलगा, म्हणून सगळं मानेभंज्यांग गाव त्याला माइलाच म्हणायचं.

"नाही. दाब."

क्लचमधली हवा काढायचं काम एकट्याचं नाही. एकाने वर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली पडून निपल उघडायचं. वरच्याला पाना दिसत नाही, खालच्याला पाय दिसत नाही. दोघांच्या मध्ये फक्त तीन शब्द. निपल बंद व्हायच्या आत वरच्याने पाय उचलला की बाहेर काढलेली हवा पुन्हा आत ओढली जाते आणि सगळी मेहनत पाण्यात. नवशिक्याकडून ही चूक होते. पण गेली सव्वीस वर्षं मेखराज खाली आणि फिंजो वर, अशीच वाटणी होती. सव्वीस वर्षांनंतर असं झालं तर त्याला चूक म्हणायची का, हे मेखराजला हल्ली कळेनासं झालं होतं.

कारण पेडल गेल्या दोन महिन्यांत नऊ वेळा बसलं होतं. रात्री घट्ट ठेवावं आणि सकाळी पाय ठेवला की ते लोण्यात गेल्यासारखं खाली जावं.

गाडी विलायती, चहाच्या मळ्यावरच्या साहेबांच्या काळातली. अशा चाळीसेक गाड्या मानेभंज्यांगला अजून चालत होत्या. वर संदकफूच्या शिखरापर्यंत दगडांच्या वाटेवर दुसरं काही टिकत नसे. प्रत्येक गाडीला गाडीवाल्यांच्या समितीचा नंबर. नंबर असला तर पाळी मिळते, पाळी मिळाली तर प्रवासी मिळतात. मेखराजचा नंबर अकरा. तो त्याच्या बापाचा नंबर होता.

दर वर्षी फागुन संपता संपता समिती गाड्यांची परीक्षा घेई. वरच्या चित्रे गावाच्या चढावर दुसऱ्या वळणाला, वाळूची पोती भरून, गाडी गिअरमध्ये टाकून आणि क्लच दाबून ब्रेकवर उभी करायची. समितीचे दलमान काका समोर दगडावर बसून चुर्पी, म्हणजे वाळवून कडक केलेलं चीज, चघळत. चुर्पीचा तो दगडासारखा तुकडा त्यांनी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला की मग हात वर. तोपर्यंत गाडी हलता कामा नये. हात वर झाला की क्लच सोडून वर चढायचं. गाडी बंद पडली किंवा वीतभर मागे आली की नंबर कापला, आणि तो वाट पाहणाऱ्यांच्या यादीतल्या पहिल्या माणसाला.

या वर्षी यादीत पहिलं नाव होतं ग्याल्बूचं. ग्याल्बू म्हणजे फिंजोचा जावई.

हे मेखराजला आधीही ठाऊक होतं. ग्याल्बूचं नाव यादीत घालताना साक्षीचा अंगठा त्यानेच दिला होता. पण पेडल चौथ्यांदा बसलं तेव्हा ते नाव त्याच्या डोक्यात नव्याने उगवलं आणि मग जाईना.

"तेल कुठं गळत नाही," तो तेव्हा फिंजोला म्हणाला होता. "खाली रात्रभर कागद ठेवला. कोरडा ठणठणीत. वरच्या डब्यात तेल आहे तेवढंच आहे. मग हवा येते कुठून?"

फिंजोने हात पुसले होते. "टेकू लावू नकोस, माइला."

टेकू म्हणजे ओकच्या लाकडाचा हातभर दांडका. मेखराजच्या बापाच्या हाताने तो गुळगुळीत झालेला. धुक्याच्या महिन्यांत गाडी ओली राहते, क्लचची प्लेट गंजून चिकटून बसते, म्हणून बाप संध्याकाळी गाडी लावली की पेडल दाबून सीटच्या पेटीला तो टेकू द्यायचा. रात्रभर पेडल दाबलेलं, प्लेट मोकळी. सकाळी टेकूला लाथ घालून उडवायचा आणि गाडी चालू करायची. पूर्वी सगळेच असं करत. आता मेखराज एकटा करत होता.

"माझ्या बापानं शिकवलेलं तू मला शिकवणार?" मेखराज म्हणाला होता.

"बरं," फिंजो म्हणाला आणि पुन्हा तो विषय त्याने काढला नाही.

त्यानंतर आठवड्याने, दिवस मावळताना, मेखराज बाजारातून घरी येत होता. घराखाली रस्त्याला लागून पत्र्याची शेड, तिला दार नाही. शेडमधून फिंजो बाहेर आला. पँटला हात पुसत होता.

"काय रे?"

"काही नाही. गाडी बघितली."

"बघायला नवीन काय आहे तिच्यात?"

"नवीन नाही म्हणूनच बघितली," फिंजो हसून म्हणाला आणि दुधाची किटली उचलून चालू लागला. त्याचा गोठा ओढ्यापलीकडे, त्यामुळे येण्याजाण्याची वाट शेडवरूनच. त्यात काही नवल नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मेखराजने गाडीचं दार उघडलं तर टेकू पेडलवर नव्हता. कुणीतरी तो काढून सीटवर नीट आडवा ठेवला होता.

चोर असता तर टेकू घेऊन गेला असता. एवढा नीट ठेवणारा कोण?

त्या दिवसापासून मेखराजने पाळत सुरू केली. अक्षरं त्याला बेताची येत होती, पण खुणा करायला येत होत्या. शेडच्या आतल्या पत्र्यावर तो रोज सकाळी खडूने एक खूण करू लागला. पेडल बसलेलं सापडलं की फुली. टेकू काढलेला सापडला की गोल. दोन्ही नसलं तर नुसता ठिपका. म्हटलं, एक दिवस सगळ्यांना हा पत्रा दाखवायचा.

मग त्याला वाटलं, संध्याकाळी कुणी खाली हात घालून निपल सैल करत असेल तर? तो बायकोकडे गेला.

"सुकमाया, एक केस दे."

सुकमाया चुलीपुढे गुंद्रुकाची वाळवलेली भाजी निवडत होती. "कसला केस?"

"तुझा. लांब."

"इतक्या वर्षांनी आत्ता माझ्या केसांची आठवण झाली, बूढा? पांढरा देऊ की काळा?"

"कसलाही दे. गाडीला लागतो."

"गाडीला!" ती म्हणाली. "म्हणजे मी आपली उगाच खुश झाले."

त्याने तो केस निपलभोवती गुंडाळला आणि वर मेणबत्तीचे दोन थेंब टाकले. तिसऱ्या दिवशी पेडल बसलं. मेखराज खाली शिरून बघतो तर केस जसाच्या तसा, मेण जसंच्या तसं.

दुसऱ्या कुणाचा संशय यावर फिटला असता. मेखराजचा फक्त जागा बदलून बसला. निपलला हात लागत नाही, म्हणजे हवा बाहेर काढतानाच आत सोडली जाते. म्हणजे पाय.

पुढच्या खेपेला हवा काढायला बसले तेव्हा त्याने दाढीचा आरसा आणून गाडीच्या दाराच्या उंबरठ्याला असा तिरका लावला की गाडीखालून पेडल दिसावं. दिसलंही. फिंजोचा जाड बुटातला पाय, पेडलवर दाबलेला, दगडासारखा. "सोड" म्हटल्यावरच तो वर आला. पाचदा बघितलं, पाचही वेळा.

सहाव्या वेळी "दाब" म्हटल्यावर उत्तर आलं नाही. आरशात पायाऐवजी फिंजोचं तोंड दिसलं. तो खाली वाकून आरशाकडेच बघत होता.

"माइला," फिंजो म्हणाला, "हल्ली दाढी गाडीखाली करतोस काय?"

मेखराजने पाना उगाच पुसला. "उजेड पाडायला लावलाय," तो म्हणाला.

"पडला का?"

उरलेलं काम त्यांनी तीन शब्दांत पुरं केलं. फिंजो नेहमी चहाला थांबायचा. त्या दिवशी गेला.

मेखराजने दुसऱ्या दिवशी गाडीच्या दोन्ही दारांना साखळी घातली आणि कुलूप लावलं. टेकूही पाचर मारून असा घट्ट बसवला की आता भूत आलं तरी निघू नये.

त्या दिवशी परीक्षेला चार दिवस राहिले होते. स्टँडजवळ दिकी दिदीच्या चहाच्या दुकानात पाच-सहा गाडीवाले बसले होते. फिंजो कोपऱ्यात, त्याच्याशेजारी ग्याल्बू. मेखराज आत शिरला तसा ग्याल्बूने सरकून जागा केली.

"या काका. गाडी काय म्हणते? चढेल ना यंदा?"

पोराने सरळ मनाने विचारलं असेल, नसेल. मेखराज उभाच राहिला. "तुला का घाई? अकरा नंबर रंगवून ठेवलास वाटतं?"

"मी आपलं सहज विचारलं, काका."

"सहज विचारायला सगळ्यांनाच माझी गाडी सापडते."

फिंजोने ग्याल्बूच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पोराशी कशाला बोलतोस? माझ्याशी बोल."

"बोलतो की. संध्याकाळच्या वेळी माझ्या शेडमध्ये तुझं काय काम असतं?"

दिकीने स्टोव्ह बारीक केला.

"तुझ्या गाडीला मी वाईट हात लावला नाही," फिंजो म्हणाला.

"मग कसला लावलास? लावलास ना?"

फिंजोचे ओठ हलले. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते. त्याने ग्लास खाली ठेवला, टोपी उचलली आणि बाहेर पडला. ग्याल्बू त्याच्यामागून गेला.

"बघा," मेखराज म्हणाला. "उत्तर आहे का?"

दिकीने ग्लास उचलून पाहिला. "अर्धा चहा टाकून गेला तो," ती म्हणाली. "माइला दाजू, तुम्ही बसताय की उभ्यानेच घेणार?"

त्यानंतर गाडी सुधारायला हवी होती. कुलूप होतं, साखळी होती, फिंजो फिरकत नव्हता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पेडल बसलेलं. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही; दाबून दाबून ते तात्पुरतं घट्ट करावं आणि सकाळी पुन्हा तेच. परीक्षेच्या दिवशी सकाळी मेखराजने कुलूप काढलं, टेकूला लाथ घातली, पेडल उसळून वर आलं. त्याने पाय ठेवला. पेडल सरळ पत्र्याला जाऊन टेकलं.

परीक्षा दहाला. हवा काढायला दोन माणसं लागणार. स्टँडवर कुणाला बोलवावं तर चार दिवसांत त्याच्याशी धड कुणी बोललं नव्हतं.

"सुकमाया!"

ती आली, पदर खोचून सीटवर चढली. बुटकी बाई, पाय पुरेना. ती स्टिअरिंगला लोंबकळून खाली घसरली.

"दाबू?"

"मी दाब म्हटलं की दाब!"

"मग म्हणा की."

"दाब!"

"दाबलं."

"धर!"

"धर म्हणजे असंच ठेवायचं ना?"

"अगं धर म्हणजे धर!"

"ओरडू नका. ओरडलं की पाय सुटतो माझा."

आणि सुटलाच. निपल उघडं होतं. बाटलीतलं तेल नळीतून उलटं वर चढलं, मागोमाग हवा गुरगुरत आत गेली. त्याच वेळी तिचं कोपर हॉर्नवर पडलं आणि सगळी वाडी दणाणली.

मेखराज खालून बाहेर आला. पाना त्याने भिरकावला, तो पत्र्यावर आदळून खाली पडला. तिथेच तो मातीत बसला, समोर पत्रा, पत्र्यावर त्याच्या खडूच्या खुणा. शेवटच्या तीन फुल्या एकापुढे एक. आजची धरली तर चार. कुलूप लावल्यापासून रोज फुली.

कुलूप लावल्यापासून.

तो मागे गेला. इथे गोल होता. त्या दिवशी फुली नव्हती. इथे फुली, गोल नाही. इथे दोन गोल लागोपाठ, पेडल दोन्ही दिवस घट्ट. बोट लावून लावून तो पत्र्याच्या कडेपर्यंत गेला आणि पुन्हा परत आला. गोल आणि फुली एका दिवशी एकदाही पडली नव्हती. टेकू काढलेला असेल त्या दिवशी गाडी ठीक. टेकू राहिला असेल तेव्हाच पेडल बसायचं, तेही रोज नाही. आता टेकू रोज राहत होता, आणि पेडल रोज बसत होतं.

"सुकमाया," तो न वळता म्हणाला, "टेकू कोण काढायचं?"

"फिंजो दाजू. संध्याकाळी गोठ्याकडून येताना, जमेल त्या दिवशी. मी वरून पडवीतून बघायची."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं तुम्हीच सांगितलंय त्यांना. सव्वीस वर्षांत तुम्ही दोघांनी कुठली गोष्ट मला विचारून केलीत?" ती सीटवरून उतरली. "मला तेवढा केस विचारलात."

मेखराजचं मन तरीही सरळ चालेना. टेकू काढत होता, बरं. पण लपून का? सांगून का नाही? त्यातही काही डाव असेल. पण हे सगळं डोक्यात चालू असताना पाय ओढ्याच्या वाटेला लागलेच होते.

फिंजोच्या गोठ्यापुढच्या अंगणात ग्याल्बूची गाडी उभी होती. धुऊन पुसून लख्ख, पुढच्या काचेला पांढरी खादा, मंगल प्रसंगाची रेशमी पट्टी, बांधलेली. ग्याल्बू टायर पुसत होता. मेखराजला बघून तो उभा राहिला आणि आत हाक न मारता तसाच थांबला. फिंजो गाईपुढे चारा टाकत होता.

"पाय पाहिजे होता," मेखराज म्हणाला.

"कुणाचा?"

"तुझा."

फिंजोने चारा झटकला. "आरसा आणलायस?"

मेखराजने मान खाली घातली. मग म्हणाला, "टेकू तू काढायचास."

"हो."

"सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. तुझा बाप मध्ये आला." फिंजो जवळ आला. "तुझ्या बाच्या गाडीला क्लच सळईचा होता, माइला. सळई रात्रभर दाबून ठेव, नाही तर वर्षभर ठेव, तिला काय होतंय? या गाडीत खालच्या सिलेंडरला रबराची वाटी आहे. दसैंच्या सणानंतर आपण दोघांनी टाकली ती बाजारातली, पातळ. रात्रभर दाबाखाली राहिली की तिची कड मरते. सकाळी तू लाथ मारून टेकू उडवतोस, पेडल उसळी घेतं, ती मेलेली कड एक क्षण उघडते आणि हवा ओढते. ओढून पुन्हा मिटते. म्हणून तेल गळत नाही. म्हणून तुला चोर दिसतो."

"दुकानात का नाही बोललास?"

"सगळ्यांसमोर काय सांगू? याच्या बापानं शिकवलेलं चुकीचं आहे, म्हणून मी चोरून दुरुस्त करतो?"

ग्याल्बू मधेच म्हणाला, "बाबा, आठ वाजून गेले. आपल्यालाही स्टँडवर जायचंय."

त्याच्या आवाजात काय होतं ते मेखराजने ऐकलं. फिंजोनेही ऐकलं. जावयाच्या लख्ख गाडीकडे त्याने एकदा बघितलं. बराच वेळ बघितलं, असं मेखराजला वाटलं.

"गाय बांध, ग्याल्बू," फिंजो म्हणाला. "मी येतो."

शेडमध्ये आल्यावर मेखराज सवयीने खाली शिरायला वाकला. फिंजोने त्याच्या हातातला पाना घेतला.

"पेडलवर तू बस. माझा पाय आता तुझ्या पेडलवर नाही."

आणि तो गाडीखाली गेला.

मेखराज सीटवर बसला. इतक्या वर्षांत हवा काढताना तो या बाजूला कधी बसला नव्हता. खालून फक्त फिंजोचे बूट दिसत होते.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

मग काही नाही. पाना फिरल्याचा आवाज नाही, बुडबुडा नाही, शब्द नाही. मेखराज धरून बसला. पायाखालचं पेडल हळूहळू खाली चाललं होतं, म्हणजे निपल उघडलं असावं. मग टेकलं. आता "सोड" यायला हवं होतं. आलं नाही.

खाली काय चाललंय? पाना आवळला असेल? की पाव फेरा सैलच ठेवणार? पाव फेरा फार नाही. चढावर दुसऱ्या वळणापर्यंत कळणारही नाही. आणि तिकडे लख्ख धुतलेली गाडी खादा बांधून उभी आहे. त्याची पोटरी थरथरायला लागली. सीटच्या कडेला दाढीचा आरसा त्या दिवसापासून तसाच पडला होता. हात लांब करून उंबरठ्यावर जरा तिरका धरला असता तर पाना दिसला असता.

हात लांब झाला. आरसा बोटांना लागला. मेखराजने तो पालथा घातला.

"धरलंय," तो पुन्हा म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच केविलवाणा वाटला.

"ऐकलं," खालून फिंजो म्हणाला. आणि जरा वेळाने, "सोड."

असं अकरा वेळा झालं. प्रत्येक वेळी फिंजोने त्याला तेवढंच थांबवलं. मुद्दाम थांबवत होता की हवा नीट निघायला तेवढा वेळ देत होता, हे वरून कळायला मार्ग नव्हता. बाराव्या वेळी पेडल अर्ध्यावर येऊन घट्ट थांबलं.

फिंजो बाहेर आला, पँटला हात पुसले. "आजचा दिवस काढेल. वाटी बदल."

"बदलतो. ये मग उद्या. पेडलवर..."

"सुकमायाला शिकव," फिंजो म्हणाला. सीटखाली पडलेला टेकू त्याने उचलून मेखराजच्या हातात दिला. "आणि हा घरात ने. चूल पेटवायला चांगला आहे."

चित्रेच्या चढावर सगळा स्टँड लोटला होता. नऊ नंबर चढला. दहा नंबर चढला. धुकं खालून वर येत होतं आणि दलमान काका आपल्या दगडावर बसून गाल हलवत होते. मेखराजच्या गाडीत पोती भरली गेली. मागचं काही दिसेनासं झालं.

"अकरा," दलमान काका म्हणाले. "मागे कोण?"

गाडी मागे आली तर चाकाखाली दगड सारायला प्रत्येकाने आपला माणूस आणायचा, ही इथली रीत. तो माणूस चाकाच्या मागे हातभर अंतरावर उभा राहतो. गाडी घसरली तर पहिला तोच. गेली सव्वीस वर्षं मेखराजच्या मागे फिंजो असायचा, म्हणून आज दुसरा कुणी बघायचं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मागे कोण, माइला?" काकांनी पुन्हा विचारलं.

बांधावर ग्याल्बू हाताची घडी घालून उभा होता. त्याच्याशेजारून फिंजो उतरला, रस्त्याकडेचा एक दगड त्याने पायाने हलवून बघितला, मग दुसरा निवडून उचलला. कुणाकडे न बघता तो गाडीमागे गेला. पोत्यांआड दिसेनासा झाला.

मेखराजने गाडी वळणावर नेली, थांबवली, क्लच दाबला. दलमान काकांच्या डाव्या गालातला तुकडा डाव्याच गालात राहिला. मेखराज धरून बसला. सकाळपासून थकलेली पोटरी पुन्हा थरथरू लागली. पेडल सरकतंय का? सरकलं असं वाटलं. नाही, पाय सरकला. पेडल होतं तिथेच होतं. त्याच्या मागे, हातभर अंतरावर, एक माणूस दगड घेऊन उभा होता. याच क्लचवर भरवसा ठेवून उभा होता, की यात काय ठेवलंय ते ठाऊक असल्यामुळे उभा होता?

तुकडा उजव्या गालात गेला. हात वर झाला.

मेखराजचा पाय उचलेना.

"सोड!" मागून आवाज आला.

त्याने सोडलं. गाडी एकदा अंग घुसळून वर चढली. वीतभर नाही, बोटभरसुद्धा मागे आली नाही. बांधावरून दोघातिघांनी शिट्ट्या मारल्या. ग्याल्बूने हाताची घडी सोडली आणि तो आपल्या गाडीकडे चालू लागला. काचेची खादा तो वाटेतच सोडवायला लागेल, असं त्याच्या चालीवरून वाटत होतं.

वळणाच्या वर सपाटीला मेखराजने गाडी थांबवली आणि शेजारच्या सीटवरचा गोणपाट उचलून जागा केली. परीक्षा झाली की फिंजो चढून वर येई आणि दोघं मिळून गाडी खाली नेत.

त्याने दारातून बाहेर वाकून पाहिलं. फिंजोने दगड कडेला जिथला तिथे ठेवला होता. पँटला हात पुसले आणि तो खालच्या वाटेने चालू लागला. धुक्यात आधी पाय गेले, मग टोपी.

मेखराजने गाडी चालूच ठेवली होती. पेडल घट्ट होतं. तरी त्याने ते आणखी एकदा दाबून बघितलं.